दख्खनची भूमी कोणत्या बळाने चालते?



बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकापासून जवळच भारतीय विज्ञान संस्थेचे आवार आहे. तेथे उपग्रहांचे संदेश अहोरात्र टिपणारे एक यंत्र बसविलेले असून, ही सारी भूमी दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते, असे त्याच्या नोंदींवरून निःसंशय ठरले आहे. मोजणी खात्याच्या दप्तरातील हद्दीच्या दगडांना या प्रवासाचा पत्ता लागत नाही; कारण बंगळूरपासून दिल्लीपर्यंतचा प्रदेश एकसंध चालत असल्याने या दोन शहरांमधील अंतर जवळजवळ तितकेच राहते.

बंगळूरच्याच लालबागेतील टेकडीवर उघडा पडलेला पट्टिताश्म श्रोत्यांनी अवश्य न्याहाळावा. करड्या व पांढरट पट्ट्यांची त्यातील वळणे एकेकाळच्या प्रचंड उष्णतेची आणि दाबाची साक्ष देतात. सुमारे ३०० कोटी वर्षे वयाच्या या खडकाला जागचे हलविणारे बळ कोणते?

खंडे सरकतात, हे आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये प्रतिपादिले. परंतु याच प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्यापाशी नसल्याने विद्वानांनी तो सिद्धांत दीर्घकाळ बाजूस सारला. पुढे आर्थर होम्स यांनी भूकवचाखालील प्रावरणातील तप्त खडकाच्या अतिमंद अभिसरणाकडे बोट दाखविले. पृथ्वीच्या पोटातील उष्णता हाच या व्यवहाराचा मूळ खजिना होय, यात शंका नाही; तथापि भूपट्ट, म्हणजे खंड व सागरतळ वाहून नेणारा पृथ्वीच्या कठीण थराचा प्रचंड तुकडा, त्या प्रवाहाबरोबर केवळ वाहत जातो, ही समजूत अपुरी आहे. तो मुख्यतः आपल्याच भाराने चालतो. जुना सागरतळ थंड व घन होऊन खोल सागरी खंदकापाशी प्रावरणात बुडू लागतो, खोलवर त्यातील बेसाल्टचे अधिक जड खडकात रूपांतर होते, आणि विहिरीत सुटलेल्या पोहऱ्यामागे काठावरचा दोर सरसरत जावा, तसा उरलेला पट्ट त्यामागे ओढला जातो. उत्तर व पश्चिम कडांना खंदकांत बुडणारा पॅसिफिक पट्ट म्हणूनच वेगवान आहे.

सह्याद्रीचा काळा बेसाल्ट वाहत होता, त्या सुमारास, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, भारतही टेथिस समुद्राच्या बुडत्या तळामागे आजच्या कितीतरी पट वेगाने धावत होता. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला भिडला. भूखंडाचा हलका खडक बुडेना, आणि वेग मंदावला. तरीही तो थांबला नाही, कारण अरबी समुद्रातील उंच कार्ल्सबर्ग रांगेच्या उतारावरून घसरू पाहणारा सागरतळ मागून रेटा देतो, आणि सुमात्रा-अंदमानच्या खंदकात बुडणारी पूर्वेची कडा आपल्याकडे ओढते.

मागून रेटा व पुढे हिमालयाचा अडसर, अशा कचाट्यात द्वीपकल्पाचा खडक सतत आवळला जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे महाराष्ट्रातील किल्लारीच्या भूमीखाली याच दाबाने खडकाचा एक भाग दुसऱ्यावर चढून भूकंप झाला, आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच दगावली. तेथून हिमालय हजाराहून अधिक किलोमीटर दूर आहे.