चिपचे शिल्पकार आणि आपली मुले
(लातूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज ज्यांचा सत्कार झाला त्या मुलामुलींचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. तथापि आमचे चार शब्द आहेत ते मागल्या रांगेत मान खाली घालून बसलेल्यांसाठी. 'लातूर पॅटर्न'ने आपल्या गावाचे नाव सर्वत्र नेले, हे खरे. परंतु दोन गुण हुकले म्हणजे आयुष्य हुकले, अशी समजूतही त्याच्याबरोबर आपल्या घरांत शिरली. गतवर्षी आमच्याच घरातील मुलाने निकालानंतर आठ दिवस कोणाशी शब्द उच्चारला नाही, आणि आम्ही मात्र आल्यागेल्यापासून त्याची गुणपत्रिका लपवीत राहिलो!

म्हणून आज संगणकाच्या चिपची एक हकीकत सांगतो. घर बांधण्यापूर्वी जसा नकाशा, तसा चिपलाही आराखडा लागतो. कोणती आज्ञा कोणत्या वाटेने जावी, आकडेमोड कोठे व्हावी, हे ठरविणारा तो चिपचा शिल्पकार. १९५० साली पुण्यात जन्मलेले श्री. विनोद धाम १९७१ साली दिल्लीत अभियंते झाले, पुढे अमेरिकेत शिकले व १९७९ साली इंटेल कंपनीत गेले. १९९३ साली निघालेल्या 'पेंटियम' चिपच्या विभागाचे ते प्रमुख होते. तिच्या आराखड्याची धुरा जॉन क्रॉफर्ड व डोनाल्ड अल्पर्ट यांनी वाहिली. एकाच वेळी दोन आज्ञा पार पाडण्यासाठी तीत दोन वाटा होत्या, आणि एवढ्याशा तुकड्यावर सुमारे ३१ लक्ष ट्रान्झिस्टर!

अशा कुशल मंडळींच्या हातूनही चूक झाली. १९९४ साली थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांस आढळले की, काही विशिष्ट संख्यांचा भागाकार ही चिप चुकीचा करते. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातील पाच नोंदी गळल्या होत्या. कंपनीने प्रथम ही गोष्ट क्षुल्लक मानली. लोकक्षोभ उसळल्यावर मात्र मागेल त्यास चिप बदलून देण्याचे तिने मान्य केले. त्यापायी ४७ कोटी ५० लक्ष डॉलरांचा भार तिला सोसावा लागला. परंतु पेंटियमचे नाव बुडाले नाही. श्री. धाम यांनी १९९५ साली इंटेल सोडली, तरी त्यांचेही कार्य थांबले नाही; १९९७ साली बाजारात आलेल्या एएमडी कंपनीच्या 'के-सिक्स' चिपशी त्यांचे नाव जोडले गेले. भारत सरकारने २०२५ साली त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले.

बंधुभगिनींनो, पाच नोंदी गळल्या म्हणून ते शास्त्र कोणी टाकून दिले नाही. तक्ता दुरुस्त केला. चुकीपेक्षा ती झाकण्याचीच किंमत अधिक पडते, हे आम्ही आमच्या घरात शिकलो. आता तो मुलगा पुन्हा अभ्यासास बसला आहे, आणि गुणपत्रिका टेबलावर उघडी आहे.

आमची संघास एकच विनंती आहे. दुसऱ्या प्रयत्नात यश मिळविणाऱ्यांसही पुढील वर्षी याच व्यासपीठावर बोलवावे. त्यांच्यासाठी पहिला हार आम्ही आणू.