शाळेची वाट आणि टॅक्सची पावती



कापूस उलंगला, तूर घरात आली, परीक्षा आटोपल्या की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दरवर्षी एक वर्दळ सुरू होते. कळंब, बाभूळगाव, घाटंजीकडची माणसं यवतमाळला खोल्या बघत फिरतात. झरी-मारेगावकडची वणीला जातात, महागावकडची पुसदला. आई मुलांना घेऊन शहरात राहते, बाप शेतीपाशी गावात, आणि शनिवार आला की एसटीच्या दांडीला धरून त्यांची भेट. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत तो प्लॉटच बघतो. खोली असो की प्लॉट, प्रश्न दोनच: शाळा कशी आहे? आणि घरटॅक्स किती येतो?

गेल्या उन्हाळ्यात माझा मावसभाऊ असाच आला होता. त्याची मुलगी दुसरी पास होऊन तिसरीत जायची होती. त्यानं पिशवीतून दोन कागद काढले आणि चहाच्या कपाशेजारी ठेवले. एक त्याच्या ग्रामपंचायतीची पावती, दुसरी त्याला जे घर घ्यायचं होतं त्याचं नगर परिषदेचं बिल. पहिल्यात घरपट्टी, दिवाबत्ती, सफाई, पाणीपट्टी, झालं. दुसरं वीतभर लांब. त्यात एका ओळीवर त्यानं पेनानं गोल केला होता: ‘शिक्षण उपकर’. म्हणाला, “दादा, टॅक्स जास्त आहे खरा, पण शाळेसाठी घेतात ना? मग शाळा बरी असणारच.”

हा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून आज त्याबद्दलच बोलायचं ठरवलं.

तो शिक्षण उपकर 1962 च्या राज्याच्या कायद्यानुसार शहरी भागात आकारला जातो. नगर परिषद तो गोळा करते, पण भरते राज्य शासनाकडे. तुमच्या गल्लीतल्या शाळेच्या गळक्या छताशी त्या ओळीचा थेट संबंध नसतो. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. घरपट्टीतून होतात ती नाल्या, रस्ते, दिवे, कचरा ही कामं, आणि नगर परिषदेच्या स्वतःच्या शाळा असतील तर त्यांच्या इमारतींना थोडाफार हातभार. म्हणजे आपल्याकडे टॅक्स वाढला म्हणून शाळा सुधारत नाही आणि टॅक्स कमी म्हणून शाळा वाईट ठरत नाही.

अमेरिकेत याच्या अगदी उलट आहे. न्यू जर्सीत एडिसनसारख्या गावात आपली मराठी कुटुंबं राहतात. तिथं घर शोधताना आधी शाळेचा जिल्हा बघतात, कारण मालमत्ता कराचा निम्म्याहून अधिक भाग शाळांनाच जातो. त्या राज्यात घरामागे वर्षाचा सरासरी कर दहा हजार डॉलरच्या आसपास आहे. तिथल्या नातेवाइकाचा सल्ला इथं जसाच्या तसा लावला तर फसगत होते. आपल्याला टॅक्सचा हिशेब वेगळा करावा लागतो आणि शाळेचा वेगळा.

टॅक्सचं थोडक्यात सांगतो. नगर परिषद घराचं वार्षिक भाडेमूल्य धरून कर लावते आणि साधारण दर चार वर्षांनी फेरआकारणी करते. यादी लागते, हरकती मागवतात, सुनावणी होते. त्या सुनावणीला जाणारे फार थोडे. बिल हातात पडल्यावर ओरडणारे पुष्कळ. ग्रामपंचायतीत 2015 च्या अखेरीस नियम बदलले आणि भांडवली मूल्यावर आकारणी आली, म्हणून गावात नेहमी नगण्यच टॅक्स असतो असंही आता धरून चालू नये. आणि जुनं घर घेत असाल तर मागची थकबाकी आधी विचारा. नगर परिषदेत थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते, आणि ती थकबाकी घराला चिकटलेली असते. मालक बदलला म्हणून ती सुटत नाही.

यवतमाळात आणखी एक गोष्ट. इथं पाणी देतं जीवन प्राधिकरण, त्याचं बिल निराळं. 2018 चा उन्हाळा आठवा. निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, लोक रात्र रात्र टँकरची वाट बघत बसले. त्या चार महिन्यांत विकतच्या पाण्यावर जे पैसे गेले, त्यापुढे घरटॅक्स काहीच नव्हता. तेव्हा नळाला किती दिवसांनी पाणी येतं, हे टॅक्सच्या आधी विचारायला हवं.

शहराच्या कडेचे लेआऊट स्वस्त दिसतात. ग्रामपंचायतीची हद्द आहे, टॅक्स कमी आहे, असं सांगून विकतात. पण वडगाव, लोहारा, वाघापूर, उमरसरा, भोसा ही गावंही एकेकाळी ग्रामपंचायतीच होती. हद्दवाढीत ती नगर परिषदेत आली. आजचा टॅक्स उद्या राहीलच असं नाही. आणि एक विनंती आहे: प्लॉट मे महिन्यात पाहून सौदा करू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते. जुलैच्या पहिल्या झडीत तिथं जाऊन उभे राहा. चप्पल रुतून बसली, तर त्याच वाटेनं तुमचं लेकरू दप्तर घेऊन शाळेत जाणार आहे.

आता शाळा. इथं मला मावसभावाला जरा कडक बोलावं लागलं.

घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीत परीक्षेनं प्रवेश, जास्तीत जास्त 80 जागा, राहणं-जेवण-पुस्तकं मोफत. त्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात, एकतृतीयांश मुलींसाठी. ग्रामीण म्हणजे कोण? ज्यानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढली तो. या तीन वर्गांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकलं, तर ते मूल शहरी धरलं जातं.

म्हणजे चांगल्या शाळेच्या ओढीनं तिसरीत लेकीला शहरात आणायचं, आणि जिल्ह्यातल्या एका उत्तम शाळेचं मोठं दार तिच्यासाठी निम्म्याहून जास्त लोटून घ्यायचं. हे किती घरांत नकळत होत असेल, या विचारानं मला खरोखर वाईट वाटतं. नवोदय सगळ्यांनाच मिळत नाही, हे खरं. पण दार आपल्या हातानं का लावायचं?

भाऊ म्हणाला, “पण गावातली शाळा…” मी विचारलं, गुरुजी गावात राहतात की अपडाऊन करतात? म्हणाला, दोघांपैकी एक बाई गावातच राहतात, संध्याकाळी पाचवीच्या पोरांना शिष्यवृत्तीचं शिकवतात. शाळा व्यवस्थापन समितीत तू आहेस का? नाही. त्या समितीत तीनचतुर्थांश पालक असायला हवेत असं कायदा सांगतो. शाळेला मिळणारा पैसा कुठं लागतो, गुरुजी वेळेवर येतात का, हे विचारायची ती जागा आहे. शहरातल्या महागड्या शाळेत फी भरूनही पालकाला अशी जागा सहसा मिळत नाही.

पाचवीनंतरचा प्रश्न मात्र खरा आहे. पुष्कळ गावांत शाळा तिथंच संपते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्याही धावतात. पण संध्याकाळची गाडी चुकली की फाट्यावर अंधारात उभ्या असलेल्या पोरीच्या बापाला पासाचं काय सांगणार? तेव्हा शहर, किंवा निदान तालुक्याचं गाव, निवडावंच लागतं. निवडताना शाळा अनुदानित आहे, विनाअनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, ते आधी विचारा. फी, ड्रेस, व्हॅन यांचा वर्षाचा आकडा मांडा आणि शेजारी घरटॅक्सचा आकडा ठेवा. ज्या टॅक्सवरून आपण दोन गावांत तोलमोल करतो, तो बहुतेक वेळा एकट्या व्हॅनच्या भाड्यापुढेही छोटा निघतो. शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावर थोडा जास्त टॅक्स भरावा लागला तरी मी ते घर घेईन.

मावसभावाची मुलगी सध्या गावच्याच शाळेत तिसरीत आहे. तो स्वतः यंदा समितीवर गेला. घराचा विचार त्यानं सोडलेला नाही. नगर परिषदेचं ते बिल अजून त्याच्या पिशवीत आहे. झड लागली की पुन्हा येतो म्हणाला, ती गल्ली पावसात बघायला.