गुरुजींचा पगार आणि गावची शाळा

दुसऱ्याच्या पगाराची चौकशी करणे आपल्याकडे बरे समजत नाहीत. तरीपण एका माणसाचा पगार साऱ्या गावाला ठाऊक असतो, तो म्हणजे शाळेतल्या गुरुजींचा. पारावर, एसटीच्या थांब्यावर, डेअरीत दूध घालताना त्याचा हिशेब होतो. "एवढा पगार घेतात, मग आमच्या पोरांना वाचता का येत नाही?" असे पालक विचारतात. इकडे शिक्षकांच्या बैठकीत बसावे, तर तिथला सूर निराळा. "पगार वेळेवर नाही, निम्मा वेळ माहिती भरून पाठवण्यात जातो, मग शिकवायचे कधी?" दोन्ही सवाल खरे आहेत, पण ते समोरासमोर बसून विचारले जात नाहीत. आज आपण ते एकत्र घेऊ. गुरुजींचा पगार ठिकाणाप्रमाणे किती बदलतो, आणि पगार बदलला म्हणजे शाळा बदलते काय?

हा प्रश्न जुना आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन ठेवले. प्राथमिक शिक्षकाला दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन असू नये आणि मोठ्या गावांत ते १५ किंवा २० रुपये तरी असावे, असे त्यांनी त्यात सुचविले. पण जोतीराव तेवढ्यावर थांबले नाहीत. शिक्षक शिकवण्याचे शिक्षण घेतलेला असावा, होता होईल तो शेतकरी वर्गातून यावा, गावच्या कारभारात त्याला काही कामे द्यावीत म्हणजे त्याचा मान वाढेल, आणि ज्याची पुष्कळ मुले उत्तीर्ण होतील त्याला पगाराखेरीज वेगळा भत्ता द्यावा, असेही त्यांनी मांडले. योग्य पगार, योग्य माणूस, गावाशी नाते आणि चांगल्या कामाची कदर, अशा या चार गोष्टी. पुढच्या विवेचनात त्या चारही आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

आता आजच्या पगाराकडे वळू. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शाळेतील प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगात २९,२०० ते ९२,३०० रुपये अशी ठरली. माध्यमिक शाळेतील प्रशिक्षित पदवीधराची ३८,६०० ते १,२२,८०० अशी. भामरागडच्या जंगलातला गुरुजी असो की पुण्याजवळच्या गावातला, पदाची मूळ वेतनश्रेणी सारखीच. मग फरक कुठे पडतो? तो पडतो मुख्यतः घरभाड्यात. २०१९ साली हा आयोग राज्यात लागू झाला, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत घरभाडे मूळ वेतनाच्या २४ टक्के, नागपूर-नाशिकसारख्या शहरांत १६ टक्के आणि लहान गावांत ८ टक्के असे ठरले. महागाई भत्ता वाढेल तसे हे दर वाढवायचे, असाही नियम झाला. हिशेब करून बघा. २९,२०० चे २४ टक्के म्हणजे ७,००८ रुपये. ८ टक्के म्हणजे २,३३६. महिन्याला ४,६७२ रुपयांचा फरक.

कुणी म्हणेल, शहरात भाडे जास्त, मग भत्ता जास्त असणारच. ते बरोबर आहे. पण माणूस नोकरीची जागा निवडतो तेव्हा केवळ भाडे पाहत नाही. दवाखाना किती लांब, आपल्या मुलांना पुढे कॉलेज कुठे, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी कुठे, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आल्यावर रस्ता राहतो का, हे सारे तो पाहतो. या अडचणींचा मोबदला घरभाड्याच्या हिशेबात कुठेच येत नाही. म्हणूनच ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना एक पायरी वरची वेतनश्रेणी देण्याचे ठरले. तत्त्व चांगले आहे: जागा जितकी अवघड, तितका मोबदला अधिक. परंतु साध्या खेड्यांच्या बाबतीत आपली गाडी उलट्या दिशेने जाते. शिक्षक तालुक्याच्या गावी राहतो, सकाळी मोटारसायकलने येतो, संध्याकाळी परततो. मग मुख्यालयी राहण्याच्या अटीवरून आणि घरभाड्यावरून तक्रारी, चौकश्या, दाखले सुरू होतात. भांडण घरभाड्याचे चालते. पण राहण्याजोगे घर गावात आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही.

पण श्रोतेहो, मुलखामुलखांतला हा फरक एका दुसऱ्या फरकापुढे लहान ठरतो. तो फरक आहे नेमणुकीच्या प्रकाराचा. आपल्या राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काम करायचे आणि मग वेतनश्रेणीत जायचे. पुढे बरीच वर्षे प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन महिना ६,००० रुपये होते. २९,२०० च्या शेजारी ठेवून बघा. जेमतेम पाचवा हिस्सा! २०२३ साली ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० असे झाले. त्याहून अवघड दशा विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची. 'कायम विनाअनुदानित' या नावातला 'कायम' हा शब्द २००९ साली वगळला गेला आणि २०१६ पासून २० टक्क्यांच्या टप्प्याने अनुदान सुरू झाले. म्हणजे शाळा उघडल्यापासून अनुदानाची वाट पाहत कित्येकांची उमेदीची वर्षे गेली. कुणी सुट्टीत शेतमजुरी केली, कुणी शिकवण्या घेतल्या. फळा तोच, पुस्तक तेच, परीक्षा तीच; दोन वर्गांतल्या दोन शिक्षकांच्या घरची चूल मात्र सारखी पेटत नाही.

वास्तविक १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने याचा विचार करून ठेवला होता. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. शाळा सरकारी असो, स्थानिक संस्थेची असो वा खासगी, सारख्या पात्रतेच्या आणि सारखी जबाबदारी उचलणाऱ्या शिक्षकाला सारखे वेतन मिळावे, हे तत्त्व आयोगाने सांगितले. ते पाळणे इतर राज्यांनाही जड गेले. बिहारात २००६ पासून पंचायतींमार्फत ठराविक मानधनावर शिक्षक नेमले गेले. नियमित शिक्षकांइतक्या वेतनाची त्यांची मागणी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली. उत्तर प्रदेशात शिक्षामित्रांना सहायक शिक्षक म्हणून सामावून घेतले होते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले आणि ते पुन्हा महिना १०,००० रुपयांच्या मानधनावर आले. एका निकालाने घरचा सारा हिशेब कोसळला.

आता दुसरा सवाल. पगार वाढवला की शाळा आपोआप सुधारते काय? इंडोनेशियात याची मोठी परीक्षा झाली. २००५ च्या कायद्याने तिथे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांना मूळ पगाराएवढाच भत्ता देण्याचे ठरले, म्हणजे पगार दुप्पट. काही शाळांतल्या शिक्षकांना हा लाभ लवकर देऊन संशोधकांनी त्यांची इतर शाळांशी तुलना केली. शिक्षकांचे समाधान वाढले, जोडधंदा करणारे कमी झाले, पैशाची ओढाताण कमी झाली. पण दोन-तीन वर्षांनी मुलांची परीक्षा घेतली, तर त्यांच्या शिकण्यात फरक आढळला नाही.

हे ऐकून पारावरच्या मंडळींनी लगेच टाळी देऊ नये. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातला अनुभव ऐका. तिथे अतिदूरच्या खेड्यांतल्या शाळांना वाढीव पगार दिला, तेव्हा अधिक तयारीचे शिक्षक त्या जागा मागू लागले, आणि जिथे असे नवे शिक्षक आले तिथे मुलांची प्रगती झाली. जुनेच शिक्षक राहिले तिथे फरक पडला नाही. दोन्ही अनुभव शेजारी ठेवले की उलगडा होतो. आधीपासून नोकरीत असलेल्या माणसाला नुसते जास्त पैसे दिले, तर त्याची शिकवण्याची रीत बदलत नाही. पण त्या जागेवर कोण येणार आणि कोण टिकणार, हे पगार ठरवतो. चांगला उमेदवार आडगावची नेमणूक स्वीकारील की बदलीच्या मागे लागेल, हे त्यावर अवलंबून असते.

आंध्र प्रदेशातल्या सरकारी प्राथमिक शाळांत २००५ पासून आणखी एक प्रयोग झाला. मुलांच्या प्रगतीप्रमाणे शिक्षकांना बक्षिसी देण्यात आली. ती सरासरीने वार्षिक पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपासच होती. तरी दोन वर्षांनी त्या शाळांतली मुले गणितात आणि भाषेत इतर शाळांच्या पुढे गेली. जोतीरावांचा विशेष भत्ता तो हाच नव्हे काय? तिथेच असेही दिसले की पाचव्या हिश्श्याच्या पगारावर नेमलेले कंत्राटी शिक्षक शिकवण्यात नियमित शिक्षकांपेक्षा कमी पडले नाहीत. पण यावरून स्वस्तात काम भागते असा अर्थ काढणे घातक आहे. असे शिक्षक बहुधा जवळपास राहणारे, गावाच्या नजरेसमोरचे असतात आणि पुढच्या नेमणुकीची आशा त्यांना असते. काम त्या जवळिकीने होते. त्यांना कायम अर्धपोटी ठेवले, तर ती आशा किती दिवस पुरेल?

घरचाही एक दाखला आहे. 'असर' या पाहणीत २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्रातल्या तिसरीच्या सुमारे ४२ टक्के मुलांना दुसरीचा धडा वाचता आला होता. २०२२ साली हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास उतरले. मधल्या काळात वेतनश्रेणी काही खाली आली नव्हती. करोनामुळे शाळा बंद होत्या. म्हणजे मूल शिकते ते शिक्षक प्रत्यक्ष समोर उभा राहून शिकवतो त्या दिवसांवर. म्हणून पगाराबरोबरच, पगाराच्या किती दिवसांत खरोखर शिकवणे झाले, हेही मोजले पाहिजे.

तेव्हा गावकऱ्यांनी काय करावे? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणहिस्सा पालक असतात. त्या बैठकीत सही करून उठू नका. तीन गोष्टी विचारा. आपल्या शाळेत मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती? पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे असे कायदा म्हणतो. त्यांतले शिकवण्यात किती गेले? जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतली मदत सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नये, असेही तोच कायदा सांगतो. तो पाळला जातो का? आणि चौथी गोष्ट स्वतःला विचारा. बाहेरगावची एखादी तरुण शिक्षिका उद्या आपल्या गावात राहायला आली, तर तिला पाणी, दिवा आणि धड दार असलेली खोली आपण देऊ शकतो का?

शिक्षक बंधुभगिनींनाही एक विनंती. समान कामाला समान वेतन आणि वेळेवर वेतन ही तुमची मागणी न्यायाची आहे. ती जरूर लढवा. पण त्या लढ्यात गावाला आपल्या बाजूला घ्या. ज्या शाळेतले तिसरीचे पोर संध्याकाळी आजीला पोथी किंवा वर्तमानपत्र वाचून दाखवते, त्या शाळेच्या गुरुजींसाठी गाव मोर्चात पुढे चालते. जे पोर अडखळते, त्याचा बाप पगाराचे आकडे मोजत बसतो.

१८८२ साली मांडलेल्या चार गोष्टींपैकी पगाराची गोष्ट सरकारने करायची आहे, योग्य माणसाची निवडही बव्हंशी त्यानेच. गावाशी नाते आणि कामाची कदर मात्र गाव आणि शाळा यांनी मिळून करायची आहे. तिला ना वेतन आयोग लागतो, ना शासन निर्णय. पुढच्या महिन्यात समितीची बैठक होईलच. तिथून सुरुवात करा.