गावकुसाबाहेरची अक्षरं
(जांब समर्थ इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपण बसलोय ते रामदासाचं जन्मगाव. त्याच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास निव्वळ लिहिण्यावर आहे. कागद, शाई, लेखणी, ओळी, सगळं बैजवार. पण अक्षर घटवायला सांगितलंय ते ब्राह्मणाला. तेही बाळबोध. आपला बाप तेव्हा कागदाच्या आसपासही नव्हता. म्हणून आज इथं अक्षरावरच बोलतो.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जगातल्या प्रत्येक अक्षराला एक आकडा, त्या तक्त्याचं नाव युनिकोड. देवनागरी क म्हणजे २३२५, १९९१ पासून. पण डीटीपीवाले नंतरही कैक वर्षं चोरवाटेनंच गेले. मशीनमध्ये इंग्रजी डी ठेवायचा अन् फॉन्टकडून त्याला क चं सोंग द्यायचं. फॉन्ट गेला की सोंग उतरलं. चळवळीच्या एका अंकाची नव्वदीतली फाइल मी उघडली, तर पानभर इंग्रजी कचरा. कविता होत्या साल्या त्या! छापील प्रत वाळवीनं खाल्लेली.

आता मोडी. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत सावकाराचं, कुलकर्ण्याचं, कचेरीचं कितीतरी लिखाण मोडीत. तक्त्यात तिला जागा मिळाली २०१४ साली. अंशुमन पांडे या संशोधकानं अर्ज लिहिला, पुरावे जोडले, तेव्हा ७९ चिन्हं आत आली. मोडीचा क म्हणजे ७११८२.

हा आकडा नीट बघा. तक्त्याचं मूळ गाव ६५,५३६ घरांचं. देवनागरी आत. मोडी बाहेर. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ च्या सुमारास घडवलेली गोंडी लिपी २०१७ ला आली, बाहेर. आदिलाबादकडच्या गुंजाळा गावच्या पोथ्यांतली गोंडी २०१८ ला, तीही बाहेर. आतल्या घरांपुरतीच बनवलेली जुनी सॉफ्टवेअरं बाहेरचा आकडा आला की ठेचकाळतात, अक्षराच्या जागी चौकोन दाखवतात. कुणी म्हणेल, उशिरा आला तो बाहेर बसला, यात जात कुठली? बरोबर. मुद्दाम कुणी कूस बांधलेलं नाही. पण उशीर कुणाला होतो, अन् का, ते विचारा की!

तिथं मत असतं गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्टसारख्यांना. अर्ज मात्र कुणीही करावा. कॅनडातल्या आदिवासींच्या लिप्या तक्त्यात १९९९ लाच आल्या, तरी उत्तरेकडच्या नत्तिलिक लोकांच्या बोलीची १२ अक्षरं राहिली. त्यांच्यातल्या भाषा जपणाऱ्यांनी बसून यादी केली, एक अक्षर-रचनाकार सोबत घेतला. २०२१ ला ती अक्षरं मिळवली.

अन् हे लांबचं नाही. २०२३ साली शेजारच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीला, उपोषण पेटलं. कुणबी नोंदी शोधायला सरकारनं न्या. संदीप शिंदे समिती नेमली. दप्तरं निघाली मोडीत अन् उर्दूत. मग वाचणारे हुडकत फिरले. आरक्षणाचा वाद आज बाजूला ठेवतो. कागद कपाटात असून हाताला लागत नाही, एवढंच दाखवतोय.

महार वतनाचेही कितीतरी कागद मोडीतच आहेत. आपल्या पणज्यांची नावं त्यांत आहेत, कुठल्या शब्दांत लिहिलीत ते सोडा. नुसता फोटो काढून त्यात नाव शोधता येत नाही, अक्षर आकड्यात उतरवावं लागतं. यंत्राला मोडी वाचायला शिकवायची म्हटली तरी शेजारी टाइप केलेला मजकूर लागतोच. तो मजकूर कुणाच्या दप्तरातला घेणार? सरदारांच्या बखरी आहेतच तयार. आपले कागद आपण नाही बसवले, तर यंत्र त्यांचीच मोडी शिकेल.

नोटो सान्स मोडी हा फॉन्ट फुकट आहे, आजच उतरवून घ्या. घरच्या ट्रंकेत मोडी कागद असेल तर रविवारी आणा. मोडी वाचणारे दोन म्हातारे येणारेत. ते वाचतील, तुम्ही टाइप करायचं. लॅपटॉप चार्ज करून आणा, इथं दुपारी लाइट जाते.