घराजवळची शाळा

धुण्याभांड्यास येणारी बाई बिऱ्हाड बदलते आणि तिची मुलगी वर्षभर शाळेवांचून राहते, हें दृश्य शहरांत विरळ नाहीं. नव्या वस्तीजवळ शाळा कोठें आहे, आणि हातीं दाखले नसतां तेथें प्रवेश मिळेल काय, हें त्या आईस ठाऊक नसतें.

१९११ सालीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मांडलेलें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक नामंजूर झालें. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलांत आला तो १ एप्रिल २०१० रोजीं. महाराष्ट्रांतील नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आंत, व सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आंत हवी. राहत्या घराचा पत्ता घेऊन महानगरपालिकेच्या शिक्षण विभागांत चौकशी करावी. शाळेचें नांव कळल्यावर मुलीसह तो रस्ता एकदां पायीं चालून पाहावा. जन्माचा दाखला नाहीं, किंवा जुन्या शाळेचा दाखला अजून आला नाहीं, एवढ्यावरून पालिकेच्या शाळेस प्रवेश नाकारतां येत नाहीं.

ज्या घरीं रोज वर्तमानपत्र येतें, त्या घरानें एवढें त्या आईस सांगावें. सांगण्यास पैसा पडत नाहीं, आणि मुलीचें एक वर्ष वांचतें.