‘परित्यक्ता’ हा शब्द सापडला पाहिजे
(सातारा-सांगलीच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



वेबसाइट म्हणजे तांत्रिक काम, ते आपलं नव्हे, असं मीही बरीच वर्षं म्हणत होते. आपली जुनी वेबसाइट नव्या पद्धतीची करायला बसलो, तेव्हा डोळे उघडले.

१९८० च्या दशकात आपल्या भागातल्या परित्यक्ता बायका रेशनकार्ड मागत होत्या, घरासाठी जागा मागत होत्या. त्या लढ्याची पत्रकं आणि ठराव आपण पुढे वेबसाइटवर चढवले, पण ते छापखान्यात चालणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये. त्यात अक्षर दिसायला मराठी, संगणकाच्या लेखी इंग्रजी. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, ते १९९१ पासून. आपणच उशिरा जागे झालो.

‘बटण दाबलं की झालं,’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे ‘परित्यक्ता’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर बसली आणि जोडाक्षरं फुटली. शब्द शोधला तर सापडेना. नवऱ्यानं टाकलं, गावानं टाकलं, आता आपल्याच वेबसाइटनंही टाकलं!

दुसरं दुखणं असं, की साइट संगणकाच्या रुंद पडद्यासाठी बांधलेली. जतची किंवा माणची बाई ती मोबाइलवर उघडते, तेव्हा ओळ वाचायला बोटानं पान डावी-उजवीकडे ओढत बसते. कितीतरी पत्रकं नुसते फोटो. आपल्या अंध मैत्रिणीचा मोबाइल मजकूर वाचून दाखवतो, पण फोटोपाशी गप्प होतो. चित्रासोबत मजकूर द्यावा, हा नियम वेबच्या जागतिक संघटनेनं १९९९ मध्येच सांगितला होता. आपण सभागृहाला उतार मागतो आणि आपल्याच दारात पायरी ठेवतो.

आणि मजकूर? मदतीच्या पानावर अजून ४९८-अ. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमं लागतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा तर उल्लेखच नव्हता. म्हणजे नुसता रंग बदलून भागणार नव्हतं.

ज्यांनी साइट बांधली त्यांच्याकडेच पासवर्ड होता. तो मिळवण्यात चार महिने गेले. घराचा उतारा बाईच्या नावावर हवा, हे आपण गावोगाव सांगतो. मग आपल्या घराची किल्ली परक्याकडे कशी राहिली?

म्हणून माझं मागणं एवढंच. पासवर्ड संघटनेकडे, दोघींना माहीत असलेला. प्रत्येक तालुक्यातून दोघी द्या. एकीनं जुना कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं पडद्यावर दुरुस्त करायचं. प्रत्येक पान आपल्यातल्या सगळ्यात स्वस्त मोबाइलवर उघडून बघायचं. काम किचकट आहे, वेळखाऊ आहे. पण रात्री घाबरत घाबरत मदत शोधणाऱ्या बाईला आपलं पान उघडलं, वाचता आलं, तर ते सार्थकी लागलं.