वहीत न लिहिलेले दहा हजार

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका वस्तीवरून आम्ही बोलतोय. आज बोलायचं आहे मोहाविषयी, आणि मोहात आम्ही कशा पडलो त्याविषयी.

मोह म्हटलं की देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गोष्ट निघते ती गड्यांच्या दारूची. मागं बसलेल्या आम्ही माना डोलावतो. हे आपल्याला लागू नाही, असं मनात म्हणतो. आमची सुरुवात तिथूनच झाली म्हणा.

आमचा दहा जणींचा बचत गट. महिन्याला शंभर रुपये बचत. गटातल्या बाईला कर्ज द्यायचं तर शेकडा दोन रुपये व्याज, आणि सगळं सभेत ठरवून वहीत लिहायचं. पेटी आणि वही आम्हा चौघींकडे होती. पोळ्यानंतर शेजारची एक बाई आली. नवऱ्याचं ऑपरेशन, दहा हजार पाहिजेत. ती गटात नव्हती. आम्ही दिले, पण शेकडा पाचनं. महिन्याला पाचशे रुपये, चौघींत सव्वाशे-सव्वाशे. वहीत काहीच लिहिलं नाही.

पहिल्या महिन्यात हात कचरला. दुसऱ्या महिन्यात नाही. आम्ही म्हणालो, तिची नड भागवली की! सावकार तर दहा लावतो. नाताळात त्या पैशाच्या साड्या आल्या, थोडे दानपेटीत टाकले, आणि प्रार्थनासभेत उभं राहून आम्ही साक्ष दिली की प्रभूनं यंदा आशीर्वाद दिला. खरं सांगतो, साक्ष देताना डोळ्यांत पाणीही आलं होतं. खोटं पाणी नव्हतं ते. हेच आम्हाला अजून भीतीदायक वाटतं.

येशूच्या परीक्षेची गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतान त्याला धोंड्यांच्या भाकरी करायला सांगतो. भुकेल्याला भाकरीच दाखवतो, दुसरं काही नाही. आणि मंदिराच्या टोकावर नेतो तेव्हा तर शास्त्रातलंच वचन म्हणून दाखवतो. आमच्याकडेही वचन होतं, गरिबाला मदत करण्याचं.

इथं एक सांगून ठेवतो. आमच्या लोकांना ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ हा टोमणा फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, गावकुसाबाहेरच्या कुटुंबांना तिथं आसरा मिळाला, तेव्हाही लोक तसंच बोलत असणार. भुकेल्यानं भाकर घेतली यात पाप नाही. आम्ही भुकेल्या नव्हतो.

पैशाचा धाक मोठ्या माणसांनाही वाटला आहे. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. पुढं बरीच वर्षं त्यांनी नगरला मिशनचं काम केलं आणि 1917 मध्ये पगाराची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पगार वाईट असतो असं नव्हे. पाळकांनाही घर असतं. (टिळकांचं घर चालवायचं होतं ते लक्ष्मीबाईंना, हेही विसरू नये.) पण देवाचं नाव आणि पैसा एका हातात धरताना सांभाळावं लागतं, एवढं त्यावरून आम्ही घेतलं. जरा उशिरा घेतलं.

उपवासकाळ आला. बुधवारच्या सभेत हनन्या आणि सप्पीरा यांचा पाठ होता, प्रेषितांच्या कृत्यांतला. जमीन विकून आलेल्या पैशातले थोडे त्यांनी मागं ठेवले. मागं ठेवणं हा गुन्हा नव्हता, पेत्र तसं स्पष्ट सांगतो. सगळे दिले असं दाखवलं, तो गुन्हा. पाठ संपल्यावर गटातल्या एका म्हाताऱ्या बाईनं आमच्याकडं बघून विचारलं, “शेजारणीनं दोन शेळ्या विकल्या म्हणं. कुणाचं देणं हाय तिला?”

शेळ्यांचं आम्हाला ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

पुढच्या सभेत आम्ही उभ्या राहिलो. साक्ष द्यायला उभं राहतात तसंच, फक्त पाय थरथरत होते. सात महिन्यांचे 3,500 रुपये घेतले होते. गटानं हिशेब केला : दोन टक्क्यांनी व्याज 1,400, ते गटात जमा. उरलेले 2,100 तिच्या मुद्दलात वळते केले. तिच्याकडे राहिले 7,900. चौघींनी प्रत्येकी 875 भरायचे ठरले. पेटी आणि वही आमच्याकडून गेली. शेळ्या गेल्या त्या गेल्या. एक तर गाभण होती.

तिघींनी पैसे भरले. चौथी त्या दिवसापासून येईना. सभेला नाही, उपासनेलाही नाही. तिच्या वाटचेही आम्ही तिघींनी भरले. तेव्हापासून आम्हाला यहूदाची गोष्ट वेगळी वाटते. त्यानंही तीस नाणी परत नेली होती. पस्तावा त्यालाही झाला होता. पण ज्यांच्याकडे गेला त्यांनी, तुझं तू बघ, असं म्हणून हात झटकले, आणि तो एकटाच निघून गेला. पेत्रानं त्याच रात्री तीनदा येशूला नाकारलं, कोंबडा आरवल्यावर ढसाढसा रडला, पण तो बाकीच्या शिष्यांत परत आला. आम्ही चौथीच्या घरी दोनदा गेलो. पहिल्यांदा दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा तिनं चहा केला, बोलली मात्र नाही.

गेल्या रविवारी ती आली. मागच्या सतरंजीवर, दाराजवळ बसली. आम्ही कुणी मुद्दामच वळून पाहिलं नाही. शेवटच्या प्रार्थनेआधी शेजारीण उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली.